शेतकरी ठिबक का घेतो, का घेत नाही: सांगलीच्या ऊसपट्ट्यात पहिलं मॉडेल कसं बांधावं

वाळवा किंवा पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात शिवारात चालत गेलात, तर बांधाच्या अलीकडे उसात ठिबकच्या नळ्या दिसतात आणि पलीकडे सरीतून पाटाचं पाणी वाहत असतं. माती तीच, कारखाना तोच, कित्येकदा दोघे भावकीतलेच. मग एकाने ठिबक घेतलं आणि दुसऱ्याने का नाही? कृषी अर्थशास्त्राच्या किंवा विस्तार शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना, शेतकरी उत्पादक कंपनीत नव्याने लागलेल्यांना आणि कारखान्याच्या ऊस विकास विभागातल्या मंडळींना हा प्रश्न कधी ना कधी सोडवायला येतोच. सरासरी आणि टक्केवारी काढता येते, पण त्यापुढे कधी गेलो नाही, अशांसाठी हा लेख आहे.

पुढची प्रत्येक पायरी एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती आधी सांगतो. ठिबक न घेणारा शेतकरी म्हणजे मागे राहिलेला शेतकरी, असं धरून अभ्यासाला बसू नका. बहुतेक वेळा त्याचा हिशेब त्याच्या परिस्थितीत बरोबर असतो. तो हिशेब प्रश्नावलीत आलाच नाही, तर कितीही भारी मॉडेल (कोणत्या गोष्टीचा निर्णयावर किती परिणाम होतो, ते आकड्यांतून काढणारं गणित) लावा, शेवटी 'शिक्षणाचा आणि जनजागृतीचा अभाव' एवढाच निष्कर्ष हाती लागतो. असे प्रबंध ग्रंथालयांत ढिगाने पडलेत. त्यातून ना शेतकऱ्याला काही मिळतं, ना योजना आखणाऱ्याला.

पायरी १: 'घेतलं' म्हणजे काय, ते ठरवा

'आधुनिक तंत्रज्ञानाचा स्वीकार' असा मोघम विषय घेऊ नका. एक पीक, एक पद्धत आणि एक पट्टा पुरे. उसात ठिबक, उसाचं पाचट न जाळता शेतात ठेवणं, एक डोळ्याच्या रोपांची लागण, आटपाडीत डाळिंबाला शेततळं, यातला कुठलाही एक विषय चालेल. या लेखात मी ठिबकच धरून चालतो.

आता 'घेतलं' कुणाला म्हणायचं? प्रश्न सोपा वाटतो, पण बहुतेक अभ्यास इथेच घसरतात. गावातला संवाद साधारण असा होतो:

"काका, उसाला ठिबक हाय का?"

"हाय की."

"यंदाच्या लागणीला चालू हाय?"

"न्हाई. गुंडाळून ठिवलंय वर माळ्यावर. उंदरांनी नळ्या खाल्ल्या, तोडीच्या टायमाला निम्म्या तुटल्या. आता पाटानंच पाजतोय."

सरकारी यादीत या काकांचा ठिबकधारक म्हणून आकडा लागलेला असतो. तुमच्या फॉर्मवर पहिल्या प्रश्नापुढे 'हो' अशी खूण होते. शेतात मात्र ठिबक नाही. म्हणून निदान तीन अवस्था वेगळ्या नोंदवा: कधीच घेतलं नाही, घेऊन सोडलं, आणि चालू हंगामात वापरात आहे. शिवाय एकूण उसापैकी किती गुंठ्यांवर, हेही विचारा. पाच एकरांपैकी वीस गुंठ्यांवर करून बघणारा आणि सगळ्या उसाला ठिबक करणारा, हे दोन वेगळे निर्णय आहेत. सोडून देणाऱ्यांची कारणं तर सोन्यासारखी असतात. या माणसांनी खर्च केला, वापरून बघितलं आणि मग ठरवलं. त्यांना 'हो'मध्येही ढकलू नका आणि 'नाही'मध्येही.

पायरी २: आधीच्यांनी काय शोधलं, ते थोडक्यात जाणून घ्या

या विषयाचा पाया अमेरिकेतल्या संकरित मक्याने घातला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी आयोवातल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. त्या काळापर्यंत दोघे सोडले तर सगळ्यांनी संकरित बियाणं घेतलं होतं, पण एकाच वर्षी नव्हे. सुरुवातीला थोडे, मग एकदम झुंबड, शेवटी उरलेसुरले, असा इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र तयार झाला. बियाण्याची खबर बऱ्याच जणांना पहिल्यांदा विक्रेत्याकडून लागली होती, पण घ्यायचं मन झालं ते शेजाऱ्यांचं बघून. आपल्याकडे दुकानदार माहिती देतो आणि निर्णय पारावर होतो, त्यापेक्षा हे काही वेगळं नाही.

१९५७ मध्ये झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने त्याच मक्यावर वेगळा प्रश्न विचारला: काही राज्यांत हा प्रसार लवकर झाला आणि काही राज्यांत उशिरा, असं का? त्याचं उत्तर दुहेरी होतं. नफा जास्त तिथे वेग जास्त, हा एक भाग. दुसरा भाग आपण नेहमी विसरतो: त्या भागाच्या हवामानाला जुळणारं वाण बाजारात आलं कधी, यावर सुरुवात ठरली. न मिळणारी वस्तू शेतकरी घेणार कुठून? तुमच्या अभ्यासातही पुरवठ्याची बाजू हवी. फिल्टर तुंबला, तर दुरुस्त करणारा माणूस किती किलोमीटरवर आहे? विद्राव्य खत गावात मिळतं की विट्याला जावं लागतं?

नवी गोष्ट कोण किती लवकर घेतं यावरून एव्हरेट रॉजर्स यांनी पाडलेले पाच गट तुम्ही पाठ केलेले असतील: नवप्रवर्तक अडीच टक्के, त्यानंतर साडेतेरा, चौतीस, चौतीस आणि शेवटी सोळा. त्यांचा आदर ठेवा, पण ते स्पष्टीकरण म्हणून वापरू नका. कोणी किती उशिरा घेतलं यावरून सामान्य वक्राचे (मध्ये फुगीर, दोन्ही कडांना निमुळत्या घंटेसारख्या आकाराचे) केलेले ते काप आहेत. एखाद्याला 'उशिरा स्वीकारणारा' म्हटल्याने त्याला उशीर का झाला, ते कळत नाही.

पायरी ३: प्रश्नावली लिहिण्याआधी गावात बसा

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्या. पुस्तकातली चलांची, म्हणजे शेतकऱ्यागणिक बदलणाऱ्या गोष्टींची, यादी सगळ्यांकडे असते: वय, शिक्षण, जमीन, कुटुंबाचा आकार, कर्ज, विस्तार सेवेशी संपर्क. ती घ्याच. पण सांगलीत ठिबकचा निर्णय ज्या गोष्टींवर फिरतो, त्यातल्या निम्म्या त्या यादीत नसतात.

पहिली गोष्ट पाणी, आणि पाणी 'आहे की नाही' एवढंच विचारून भागत नाही. ते कुठून येतं आणि कसं येतं, हे हवं. स्वतःची विहीर, बोअर, नदीवरची स्वतःची मोटर, सहकारी पाणीपुरवठा संस्था, ताकारी, टेंभू किंवा म्हैसाळ योजनेचा कालवा, या प्रत्येकाचं गणित निराळं. ठिबकला थोडं थोडं पण वरचेवर पाणी लागतं. संस्थेच्या पाण्याची पाळी पंधरा-वीस दिवसांनी येत असेल, तर मधल्या दिवसांत नळ्यांत सोडायचं काय? जवळ विहीर किंवा शेततळं असेल तरच पाळीचं पाणी साठवून ठिबक चालवता येतं. त्यातही अनेक संस्थांची पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर ठरते, मोजलेल्या पाण्यावर नाही. अशा शेतकऱ्याने पाणी वाचवलं तरी त्याचा रुपया वाचत नाही. मग 'पाण्याची बचत' हा आपला प्रचार त्याला का पटावा?

दुसरी गोष्ट वीज आणि मजूर. बऱ्याच ठिकाणी शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्री उसात बॅटरी घेऊन दारं मोडायला जावं लागतं, साप-किरडाची भीती असते. ज्यांनी ठिबक घेतलं त्यांच्याकडून 'पाणी वाचतं' याच्या बरोबरीने, किंबहुना आधी, 'रातचं जावं लागत न्हाई', 'खत नळीतून जातंय', 'भांगलणीच्या बायका कमी लागत्यात' हेच ऐकू येतं. म्हणजे घेण्याचं कारण पाणी नसून श्रम असू शकतं. रात्रीच्या पाळीचे आठवड्यातले दिवस किती, पाणी पाजायला घरातलं कोण जातं, भांगलणीला मजूर वेळेवर मिळतात का, हे प्रश्न घालायलाच हवेत. आणि भांगलणीचं उत्तर घरातल्या बाईंनाही विचारा. पुरुषांचं आणि त्यांचं उत्तर बऱ्याचदा जुळत नाही.

तिसरी गोष्ट कागद आणि रोख रक्कम. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान ठरलेलं आहे. राज्याचं पूरक अनुदान धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. ऐकायला भरपूर आहे. पण आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशाने खरेदी, मग तपासणी आणि त्यानंतर खात्यावर पैसे, असा क्रम असतो. मधले महिने ज्याला रक्कम अडकवून ठेवता येत नाही, त्याच्यासाठी ८० टक्के अनुदान कागदावरच राहतं. शिवाय सातबारा सामाईक असेल, वाटणी तोंडी झालेली असेल, तर संमतीपत्रासाठी भाऊ-चुलत्यांच्या दारात जावं लागतं. वाटेकऱ्याची तर गोष्टच वेगळी. तो कसतो, पण कागदावर नसतो.

चौथी गोष्ट शेजार. पाचट पेटवण्याची रीत असलेल्या शिवारात बांधापलीकडची आग आली, की लॅटरल, म्हणजे सरीतल्या ठिबकच्या नळ्या, वितळून जातात. ही भीती खरी आहे, आणि ती मोजायला 'शेजारचे बांधकरी पाचट जाळतात का' हा एकच प्रश्न पुरतो.

ही यादी पुस्तकातून निघत नाही. चार-पाच गावांत सोसायटीच्या कट्ट्यावर, दूध डेअरीवर, खताच्या दुकानात बसा. घेतलेले, सोडलेले आणि न घेतलेले अशा तिन्ही तऱ्हेच्या लोकांशी मोकळं बोला, फॉर्म न काढता. मग प्रत्येक कारणापुढे लिहा: हे मोजायचं कसं?

पायरी ४: कुणाला विचारायचं

ठिबक विक्रेत्याकडची यादी आणि गावात भेटतील ते चार लोक, असा नमुना घेऊ नका. विक्रेत्याच्या यादीत घेणारेच असतात आणि चौकात भेटणारे निवांत असतात. पाण्याच्या स्रोतानुसार गावं निवडा, म्हणजे नदीकाठची, कालव्याखालची आणि विहीर-बोअरवरची अशी तिन्ही येतील. मग प्रत्येक गावातल्या खातेदारांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढा.

खातेदारांच्या यादीत एक अडचण आहे. एका घरात आजोबा, वडील आणि आईच्या नावाने तीन खाती असतात, पण शेती एकच आणि निर्णय एकच. उलट, एका सामाईक खात्यावर चार भाऊ चार वेगळ्या शेती करतात. म्हणून 'चूल' हे एकक धरा: एका चुलीवर जेवणारे आणि एकत्र शेती करणारे.

किती नमुना लागेल? नवख्याला उपयोगी पडणारा ढोबळ नियम असा, की घेतलेले आणि न घेतलेले यांपैकी जो गट लहान असेल, त्यात प्रत्येक चलामागे किमान दहा जण हवेत. दोनशे शेतकऱ्यांपैकी ऐंशी जणांनी ठिबक घेतलं असेल, तर मॉडेलमध्ये आठाच्या आसपास चलं झेपतील. पंचवीस चलं घालायची असतील तर नमुना वाढवा, किंवा चलं गाळा. एखाद्या गावात ठिबकवाले फारच थोडे असतील, तर त्यांना मुद्दाम जास्त संख्येने घेता येतं, पण मग गावातलं खरं प्रमाण नोंदवून ठेवा आणि विश्लेषणात त्या प्रमाणानुसार प्रत्येक गटाला वजन द्या. नाहीतर तुमच्या नमुन्यातलं निम्मं प्रमाण हेच तालुक्याचं प्रमाण आहे, असं वाचणारे समजतील.

वेळ जपा. तोडणीच्या हंगामात ऊसवाला टोळीच्या मागे असतो, तासगाव-कवठेमहांकाळचा द्राक्षवाला एप्रिलच्या खरड छाटणीत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीत बोलायला रिकामा नसतो. जुलै-ऑगस्टला आडसाली लागणीची गडबड. संध्याकाळी डेअरीवर दूध घालून झाल्यावरची वेळ बरी.

पायरी ५: आजचं नव्हे, त्या वेळचं विचारा

ही एक चूक फार महाग पडते. समजा, मॉडेलमध्ये आजचं उत्पन्न घातलं आणि निष्कर्ष आला की उत्पन्न जास्त असलेले शेतकरी ठिबक घेतात. पण उत्पन्न जास्त होतं म्हणून ठिबक घेतलं, की ठिबकमुळे उत्पन्न वाढलं? आजच्या आकड्यावरून हे कळायला मार्गच नाही. तीच गत बागायत क्षेत्राची आणि विस्तार अधिकाऱ्याच्या भेटींची. ठिबक घेतल्यावर कृषी सहायक, कंपनीचे प्रतिनिधी, फोटो काढणारे असे सगळेच त्या शेतात येऊ लागतात.

म्हणून घेतलेल्यांना, घेण्याच्या आदल्या वर्षीची परिस्थिती विचारा. न घेतलेल्यांसाठी एक ठरावीक वर्ष धरा. वर्ष आठवत नसेल तर खुणा द्या: २००५ च्या महापुराआधी की नंतर, २०१९ च्या पुरानंतर की लॉकडाऊनमध्ये, थोरल्या मुलीच्या लग्नाआधी की नंतर. कृष्णाकाठी २०१९ चा ऑगस्ट विसरलेला माणूस भेटणार नाही, आणि अशा खुणेला धरून बाकीची वर्षं बरोबर जुळतात.

मोजमापाचीही शिस्त हवी. तोंडी उत्तर एकर-गुंठ्यांत येतं, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. सातबाऱ्यावरचे ०.४० म्हणजे चाळीस आर, जवळजवळ एक एकर. नवखा भरणारा ते ०.४ एकर समजून लिहितो आणि एका झटक्यात शेतकऱ्याची निम्म्याहून जास्त जमीन जाते. तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर, ०.७५, ते ०.३० असं भरलेलं तर सर्रास सापडतं. फॉर्ममध्ये एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि रूपांतर संगणकाला करू द्या.

पायरी ६: मॉडेलआधी साधा तक्ता

आकडे आले की लगेच सॉफ्टवेअर उघडण्याचा मोह होतो. आधी तक्ते मांडा. खाली दिलेले आकडे केवळ समजावण्यासाठी मी रचलेले आहेत.

दोनशे शेतकरी. स्वतःची विहीर असलेले शंभर, त्यातल्या ६० जणांकडे ठिबक चालू. विहीर नसलेले शंभर, त्यातल्या २० जणांकडे. शंभरात चाळीसचा फरक! विहीर हेच कारण, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. विहीर असलेल्यांची जमीनही जास्त असते. म्हणून जमिनीनुसार गट पाडू. विहीरवाल्या शंभरांत मोठे ८०, त्यातल्या ५४ जणांकडे ठिबक. लहान २०, त्यातल्या ६ जणांकडे. विहीर नसलेल्यांत मोठे २०, त्यातल्या १० जणांकडे. लहान ८०, त्यातल्या १० जणांकडे. आता मोठ्यांत तुलना करा: साडेसदुसष्ट टक्के विरुद्ध पन्नास. लहानांत: तीस विरुद्ध साडेबारा. दोन्हीकडे फरक साडेसतराचा. चाळीसातला निम्म्याहून जास्त फरक विहिरीचा नव्हताच, तो जमिनीचा होता.

अनेक चलं घातलेलं मॉडेल मुळात हेच करतं. बाकीच्या गोष्टी सारख्या ठेवून एकेकाचा भाग वेगळा काढतं. हातात कागद घेऊन हे एकदा करून बघितलंत, तर पुढे कुठलाही आकडा तुम्हाला घाबरवणार नाही.

पायरी ७: लॉजिट चालवा आणि नीट वाचा

उत्तर हो किंवा नाही असेल तर सुरुवातीला लॉजिट मॉडेल घ्या; प्रत्येक चलामुळे 'हो' येण्याची शक्यता किती बदलते, ते यातून निघतं. प्रोबिट हे त्याचंच भावंड घेतलं तरी निष्कर्ष सहसा तेच येतात, त्यावर वाद घालत बसू नका. 'आर' हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि त्यात 'जीएलएम' या एका आज्ञेत हे काम होतं.

वाचताना सगळ्यांत मोठा गोंधळ 'ऑड्स'चा होतो. वरच्याच उदाहरणात विहीरवाल्यांत ६० जणांकडे आहे आणि ४० जणांकडे नाही, म्हणजे ऑड्स दीड. विहीर नसलेल्यांत २० विरुद्ध ८०, म्हणजे पाव. दीड भागिले पाव बरोबर सहा. मग अहवालात छापून येतं: 'विहीर असलेल्यांची ठिबक घेण्याची शक्यता सहापट.' हे चूक आहे. शक्यता २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, म्हणजे तिप्पट; सहापट झालं ते ऑड्सचं गुणोत्तर. म्हणून ऑड्स मनातच ठेवा आणि लोकांना सरासरी सीमांत परिणाम सांगा: बाकी सगळं सारखं असताना विहीर असल्याने शंभरातले किती जण वाढतात. ही भाषा कारखान्याच्या संचालकालाही कळते आणि शेतकऱ्यालाही.

मॉडेल 'किती टक्के बरोबर ओळखतं' या आकड्यालाही भुलू नका. दोनशेतले एकशेवीस जण न घेणारे असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना 'नाही' म्हटलं तरी साठ टक्के बरोबर येतं. तुमचं मॉडेल त्यापेक्षा किती वर गेलं, ते सांगा. आणि एकाच गावातले, एकाच पाणीपुरवठा संस्थेतले शेतकरी एकमेकांसारखे असतात, म्हणून प्रमाणित त्रुटी (आपला अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो, त्याचं माप) काढताना गाव किंवा संस्था हा गट धरा. ते केलं नाही, तर नसलेली खात्री आकड्यांत दिसू लागते.

एखादं चल 'सार्थ नाही', म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, असं आलं, तर त्याचा परिणामच नाही, असं लिहू नका. नमुना लहान असेल, किंवा ते चल दुसऱ्या चलाशी जोडलेलं असेल. जमीन, विहीर आणि ट्रॅक्टर हे तिघे बहुधा हातात हात घालून येतात. एकाला दुसऱ्यापासून सोडवायला नमुन्यात विहीर असलेला लहान शेतकरी आणि विहीर नसलेला मोठा शेतकरी पुरेसे हवेत.

पुढे गरज पडेल तशी साधनं बदलतात. किती क्षेत्रावर घेतलं हा प्रश्न असेल, तर शून्यांचा ढीग सांभाळणारी टोबिट किंवा दोन टप्प्यांची मॉडेलं. कधी घेतलं हा प्रश्न असेल, तर कालावधी विश्लेषण. ठिबक, पाचट आणि रोप लागण एकत्र बघायचं असेल, तर अनेक निर्णय एकदम घेणारं प्रोबिट. पण पहिल्या अभ्यासात एक लॉजिट चोख करा, ते पुरेसं आहे.

पायरी ८: शेजाऱ्याचा परिणाम आणि कारणाचा शोध

'शेजाऱ्यांनी घेतलं म्हणून यानेही घेतलं' हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. चार्ल्स मॅन्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये हा पेच नेमका मांडला. दोन शेजाऱ्यांकडे ठिबक दिसलं, तर एकाने दुसऱ्याकडून शिकलेलं असेल, किंवा दोघांची जमीन क्षारपडीकडे चाललेली असेल, किंवा दोघांना एकाच दुकानदाराने उधारी दिलेली असेल. वाळवा-मिरज पट्ट्यात जास्त पाण्याने खराब झालेल्या जमिनी अशाच सलग असतात, त्यामुळे हा धोका इथे मोठा. गावातल्या ठिबकचं सरासरी प्रमाण चल म्हणून घातल्याने हा पेच सुटत नाही.

त्यापेक्षा थेट विचारा: उसाबद्दल सल्ला घ्यायचा तर तुम्ही कोणत्या तिघांकडे जाता? त्यांनी तुमच्याआधी ठिबक घेतलं होतं का? त्यांना उतारा बरा आला की वाईट? घानात अननसाच्या शेतकऱ्यांवर टिमोथी कॉनली आणि क्रिस्टोफर उड्री यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच वाटेने गेला. ओळखीतल्या शेतकऱ्याला खताच्या एखाद्या मात्रेने अनपेक्षित चांगलं पीक आलं, की लोक त्या मात्रेकडे सरकले. नुसतं बघून नव्हे, निकाल बघून.

अनुदानाचा परिणाम मोजायला आपल्याकडे एक चांगली संधी आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलवर काही वर्षं कृषी योजनांच्या अर्जांची संगणकीय सोडत निघत असे. अर्ज दोघांनी केला, नाव एकाचं निघालं, ते नशिबाने. दोघांची इच्छा सारखीच होती, म्हणून त्यांची तुलना अर्ज केलेले आणि न केलेले यांच्या तुलनेपेक्षा कितीतरी प्रामाणिक ठरते. तुमच्या गावांतले असे अर्जदार शोधा. सोडतीत नाव न येऊनही ज्यांनी स्वतःच्या पैशाने ठिबक केलं, ते किती, हे बघा. अनुदान नसतं तरी ठिबक किती पसरलं असतं, याचा अंदाज त्यावरून येतो.

पायरी ९: निकाल गावात वाचा

अहवाल छापण्याआधी मुख्य तक्ता घेऊन त्याच गावांत परत जा. ऑड्स नको, साधे आकडे: तुमच्यासारख्या शंभर जणांत, पाळीच्या पाण्यावर इतके आणि विहिरीवर इतके. लोक आकडे ऐकतात आणि कारणं दुरुस्त करतात. "विहीर हाय पण खारं पाणी हाय, ड्रीपर तुंबत्यात", हे असं वाक्य तिथेच मिळतं. मग पाण्याच्या क्षारांचं चल नसल्यामुळे विहिरीचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला, हे ध्यानात येतं. मॉडेलने ज्यांना ठामपणे 'घेतील' म्हटलं आणि ज्यांनी घेतलं नाही, अशांची यादी काढून त्यांच्याकडे मुद्दाम जा. प्रश्नावलीची पुढची आवृत्ती त्यांच्या ओसरीवर तयार होते.

अहवालात न घेतलेल्यांना दोन गटांत दाखवा: ज्यांना ठिबक हवं आहे पण पाळी, सामाईक सातबारा किंवा रोख रक्कम आडवी येते, आणि ज्यांच्या शेतात सध्या ते परवडतच नाही. पहिल्या गटासाठी संस्थेने पाळी बदलावी, साठवण तळं करावं किंवा अनुदानाचा पैसा लवकर यावा, अशी नेमकी शिफारस करता येते. दुसऱ्या गटाला शिबिराला बोलावून काही साधणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहा.